सावलीतल्या ओल्या कातळावरचा बारमाही हंसराज कसा ओळखावा

सह्याद्रीतल्या नेच्यांची, म्हणजे फर्नची, ओळख करून घ्यायची म्हटले की बहुतेक जण जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर पडतात आणि तिथेच नवख्याचा गोंधळ उडतो. त्या दिवसांत घाटातल्या प्रत्येक दरडीवर, दगडी बांधावर आणि झाडाच्या बुंध्यावर इतक्या तऱ्हेचे नेचे उगवलेले असतात की नेमके कुणाकडे पाहावे हेच कळेनासे होते. म्हणून सुरुवात फेब्रुवारी ते मे या काळात करावी, असे मी सुचवेन. तोवर कातळावरचे बहुतेक लहान नेचे वाळून गेलेले असतात, काहींचा जीव फक्त भेगेतल्या खोडात उरलेला असतो. जिथे सावली आणि झिरपणारे पाणी या दोन्ही गोष्टी उन्हाळ्यातही टिकतात, अशा मोजक्या जागी मात्र काळ्या चकचकीत देठाचा एक नाजूक नेचा तेव्हाही हिरवागार असतो. त्याचे शास्त्रीय नाव आडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस. मराठीत त्याला हंसराज म्हणतात, परंतु पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या त्याच्या भावंडांनाही लोक आणि काष्ठौषधींचे दुकानदार सर्रास याच नावाने ओळखतात. म्हणून या लेखात मी त्याला ‘बारमाही हंसराज’ म्हणणार आहे.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली या जातीला नाव दिले. भूमध्य समुद्राभोवतालचे देश, ब्रिटन-आयर्लंडचे पश्चिमेकडील समुद्रकडे, हिमालयाच्या उतरणी, अमेरिका असा तिचा पसारा फार मोठा आहे. त्यामुळे परदेशी पुस्तकांत आणि संकेतस्थळांवर तिचे वर्णन सहज मिळते, मात्र त्या वर्णनात आपल्याकडची भावंडे नसतात. ओळखीतली खरी अडचण त्या भावंडांचीच असल्याने, इथे ज्या क्रमाने पाहायला सांगितले आहे तो क्रम त्यांना एकेक करून बाजूला काढण्यासाठी आहे.

सोबत दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग, एक टाचणी किंवा शिवणाची सुई, सेंटिमीटरची पट्टी, छोटी पाण्याची बाटली आणि वही एवढे पुरते. भिंगावाचून मात्र निघू नये, कारण निर्णायक खुणा एक-दोन मिलिमीटरच्या आहेत.

आधी जागा पाहावी

झाड हातात घेण्यापूर्वी ते कुठे वाढले आहे याची नोंद करावी, कारण निम्मी निवड तिथेच होते. दख्खनचा कातळ बेसाल्टच्या थरांवर थर रचून बनलेला आहे आणि अनेक ठिकाणी दोन लाव्हाथरांच्या मध्ये तांबड्या मातीसारखा पट्टा दिसतो. हा पट्टा चिकण असल्यामुळे भेगांतून खाली उतरलेले पावसाचे पाणी त्याच्या डोक्यावर अडते, आडवे सरकते आणि कड्याच्या तोंडाशी येऊन थेंबाथेंबाने गळत राहते. त्या ओल्या रेषेवर कपारीची पडछाया असेल तर बारमाही हंसराज तिथे असण्याची शक्यता चांगली असते. धबधब्याच्या मागची कपार, घळीचा उत्तरेकडे तोंड असलेला कडा, लेण्यांच्या आवारातले पाण्याचे टाके, पायऱ्यांची जुनी विहीर किंवा बारव या त्याच्या इतर जागा. उत्तरेकडे तोंड असलेल्या कड्याचे महत्त्व असे की हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आणि पाऊस थांबून झिरपा आटत जाण्याच्या नेमक्या त्याच महिन्यांत या कड्यावर ऊन जवळजवळ येत नाही.

चुन्याकडेही लक्ष असू द्यावे. या नेच्याला चुना मानवतो. आपला कातळ चुनखडीचा नसला तरी त्यातल्या खनिजांमधून विरघळलेला चुना झिरप्याच्या पाण्याबरोबर येतो आणि कड्यावर पांढरट, खरखरीत पापुद्रा धरतो. जुन्या विहिरीच्या दगडांच्या दरजांत तर चुन्याचाच गारा असतो. त्यामुळे गावाजवळची, वापरात नसलेली दगडी विहीर हे शिकण्यासाठी कित्येकदा घाटातल्या कड्यापेक्षा सोयीचे ठिकाण ठरते. फक्त कठड्यावरून वाकून पाहू नये. पायऱ्या असतील तर त्यांनी उतरावे आणि शेवाळलेल्या पायरीवर एकट्याने तर मुळीच जाऊ नये. लेण्यांत व कड्यांखाली आग्या मधमाश्यांची पोळी आहेत का, हे लांबूनच पाहून घ्यावे. ती दिसली तर तिथला हंसराज पाहायचा बेत सोडून द्यावा.

उघड्या उन्हातल्या कोरड्या कातळावर, धुळीच्या रस्त्यालगत किंवा झाडाच्या खोडावर काळ्या देठाचा नेचा दिसला तर तो बहुधा दुसरा कुणीतरी असतो. बहुधा एवढ्याचसाठी म्हटले की जागेवरून संशय घ्यावा, निकाल देऊ नये.

देठ आणि खोड

आता एक पूर्ण पान निवडावे. नेच्याचे पान म्हणजे एक हिरवी चकती नव्हे. कातळातून बाहेर आलेल्या देठापासून टोकापर्यंतचा, अनेक पर्णिकांचा, म्हणजे अशा चकत्यांचा, सगळा पसारा मिळून एक पान होते, आणि नवखा माणूस इथेच फसतो. बारमाही हंसराजाचे असे पान साधारण १५ ते ४० सेंटिमीटर लांबीचे असते, चांगल्या ओलाव्यात त्याहूनही मोठे होते. ते कड्यावरून बाहेर झुकते किंवा खाली लोंबते.

देठ बोटांत धरून पाहावा. तो जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा, तारेइतका टणक, काळा किंवा काळपट तांबूस आणि चकचकीत असतो. बोट वरपासून खालपर्यंत फिरवले तर ते कुठेही अडत नाही, कारण देठावर केस नसतात. अगदी बुडाशी, जिथे देठ भेगेतल्या आडव्या खोडाला जोडलेला असतो तिथे तेवढे सोनेरी-तपकिरी रंगाचे बारीक शल्क, म्हणजे खवले, दिसतात. ते पाहण्यासाठी झाड उपटायची गरज नाही. शेवाळ बोटाने हलकेच बाजूला सारून भिंग लावले की काम होते.

केस आहेत की नाहीत, याचे उत्तर इथेच वहीत लिहून टाकावे. देठ आणि मधला दांडा केसाळ लागला तर आपण आडिअँटम इन्सिसम या भावंडापाशी आहोत, आणि पुढच्या पायऱ्या फक्त खातरजमेसाठी उरतात. जुन्या पुस्तकांत त्याचे नाव कॉडॅटम असे सापडते.

पानाची मांडणी

देठापासून वर जाताना मधला दांडा किती वेळा फुटतो ते मोजावे. बारमाही हंसराजात मधल्या दांड्याला बाजूच्या फांद्या येतात, त्या फांद्यांना पर्णिका येतात, आणि पानाच्या खालच्या भागात फांद्यांना पुन्हा उपफांद्या फुटतात. म्हणजे पान दोनदा ते तीनदा विभागलेले असते आणि टोकाकडे जाताना ही विभागणी साधी होत जाते. याउलट मधल्या एकाच दांड्याच्या दोन बाजूंना थेट पर्णिका लागल्या असतील आणि फांद्या अजिबात नसतील तर ते आडिअँटम फिलिपेन्स असावे, ज्याला आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत लुन्युलॅटम म्हटलेले आढळते. त्याच्या पर्णिका अर्धचंद्राकृती असतात, आणि पावसाळ्यात घाटरस्त्याच्या दरडींवर जो हंसराज म्हणून सगळे दाखवतात तो बहुतांशी हाच.

पानाचे टोकही पाहावे. फिलिपेन्स आणि इन्सिसम या दोघांच्याही पानांचा दांडा टोकाला पर्णिकांच्या पुढे लांब वाढतो, कातळाला किंवा मातीला टेकतो आणि तिथे मुळे धरून नवे रोप तयार करतो. बारमाही हंसराजात असे होत नाही. त्याचे पान शेवटच्या पर्णिकेपाशी संपते. ही खूण भिंगाशिवाय, हात पोहोचत नसलेल्या उंचीवरूनही दिसते, म्हणून मला ती फार उपयोगी वाटते.

पर्णिका

एक पर्णिका नीट पाहावी. ती पंखाकृती असते: बुडाशी पाचरीसारखी निमुळती, वरच्या कडेला रुंद, आणि त्या कडेला कमी-जास्त खोल कापे गेलेले. कोवळ्या कोथिंबिरीच्या पानाशी तिचे साम्य इतके आहे की फोटोत पुष्कळदा दोन्हींत फरक करता येत नाही. तिचा देठ केसाइतका बारीक आणि काळा असतो, आणि भिंगातून पाहिले तर हा काळा रंग पर्णिकेच्या बुडात थोडासा शिरलेला दिसतो. पर्णिकेला मधली मुख्य शीर नसते. बुडापासूनच शिरा निघतात आणि दोन-दोन फाट्यांत फुटत फुटत कडेपर्यंत जातात, मात्र एकमेकींना पुन्हा कुठे मिळत नाहीत. पर्णिका आकाशाकडे धरून उजेड आरपार येऊ दिला की ही सगळी रचना स्पष्ट दिसते.

इथे बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब पर्णिकेवर टाकून पाहावेत. पाणी पसरत नाही. त्याचे चमकणारे गोल मणी होतात आणि पान जरा हलवले की घरंगळून जातात, मागे पर्णिका कोरडीच. वर्षभर झिरप्याखाली राहूनही तिचा पृष्ठभाग भिजत नाही. हा गुण या सगळ्याच कुळीचा असल्यामुळे त्यावरून जात ठरत नाही, आणि पावसाळ्यात ओल्या खडकांवर उगवणाऱ्या थॅलिक्ट्रमसारख्या फुलझाडांची पाने जेव्हा हंसराजासारखी भासतात, तेव्हा देठ पाहावा. थॅलिक्ट्रमचा देठ काळा चकचकीत नसतो आणि त्याला यथावकाश पांढरी फुले येतात. नेच्याला फूल कधीच येत नाही.

पर्णिकेची मागची बाजू

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. पान उलटे करून पिकलेल्या पर्णिका शोधाव्यात. त्यांच्या वरच्या कडेवर आखूड, लांबट किंवा किंचित चंद्रकोरीसारख्या पट्ट्या दिसतात, लांबीला सुमारे एक ते तीन मिलिमीटर, क्वचित अधिक. कोवळेपणी त्या फिकट हिरवट-पांढऱ्या असतात, पुढे तपकिरी होतात. ही पट्टी म्हणजे पर्णिकेचीच कड मागे दुमडून तयार झालेली झडप. तिच्याखाली बीजाणुधानी, म्हणजे बीजाणू तयार करणाऱ्या अगदी बारीक पिशव्या असतात.

आता सुईच्या टोकाने एक झडप अलगद उचलावी आणि भिंग डोळ्याजवळ नेऊन नीट पाहावे: तपकिरी दाणे कुठे चिकटलेले आहेत, झडपेला की पर्णिकेच्या पाठीला? आडिअँटम या प्रजातीत बीजाणुधानी झडपेच्याच आतल्या बाजूला, तिच्यातल्या शिरांवर येतात. झडप उचलली की दाणेही तिच्याबरोबर वर येतात आणि खालची हिरवी पाठ रिकामी दिसते. कड दुमडून बीजाणुधानी झाकणारे नेचे आपल्याकडे आणखीही आहेत, परंतु त्यांच्यात दाणे पानाच्या पाठीवर असतात आणि दुमडलेली कड त्यांच्यावर केवळ पांघरलेली असते. जुन्या भिंतींच्या चुन्यात हटकून उगवणारा टेरिस व्हिट्टाटा हा असाच. त्याच्या पर्णिका लांब, पट्टीसारख्या असतात आणि बीजाणुधानींची रेघ कडेने जवळजवळ अखंड धावते. पाठीवर पांढरी भुकटी असलेला रुपेरी नेचाही याच गटातला. हे नेचे आकारावरूनच वेगळे दिसतात हे खरे, पण सुईची ही कसोटी एकदा स्वतः करून पाहिली की प्रजातीबद्दलची शंका कायमची मिटते.

हिवाळ्याच्या शेवटी पिकलेली झडप सापडली तर एक पर्णिका पांढऱ्या कागदावर पालथी ठेवून, वर वाटी झाकून रात्रभर राहू द्यावी. सकाळी कागदावर पिवळसर तपकिरी पूड उमटते. तिचा एकेक कण साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरात वीस-पंचवीस मावतील एवढा असतो. ओळखीसाठी याची गरज नाही, तरी करून पाहण्यासारखे आहे.

बागेतून पळालेला पाहुणा

इथपर्यंत सगळे जुळले, तरी एक प्रतिस्पर्धी उरतो आणि तोच सर्वांत अवघड. रोपवाटिकांत कुंडीत विकला जाणारा, उष्ण अमेरिकेतून आलेला आडिअँटम रॅडिएनम बिनकेसाचा असतो, त्याचा देठ काळा असतो, पान पुन्हापुन्हा विभागलेले असते आणि टोकाला मूळ धरत नाही. बागेतून निसटून तो ओल्या भिंतीवर रुजू शकतो, त्यामुळे बंगला, रोपवाटिका किंवा उद्यान जवळ असेल तर ही पायरी टाळू नये.

दोन खुणा आहेत. पहिली झडपेची: रॅडिएनमची झडप गोलसर किंवा मूत्रपिंडाकृती असते, तर बारमाही हंसराजाची लांबट, कडेला समांतर ताणलेली. दुसरी खूण अधिक भरवशाची आहे, पण ती पाहण्यासाठी झडप नसलेली, म्हणजे वांझ पर्णिका घ्यावी लागते. अशा पर्णिकेची कड बारीक दातेरी असते. पर्णिका उजेडाकडे धरून, भिंगातून एक शीर निवडावी आणि तिच्यामागे नजर फिरवत कडेपर्यंत जावे. शीर दात्याच्या टोकात जाऊन संपत असेल तर बारमाही हंसराज. दोन दात्यांमधल्या खाचेत संपत असेल तर रॅडिएनम. एकाच शिरेवर समाधान मानू नये. वेगवेगळ्या पर्णिकांवरच्या आठ-दहा शिरा तपासाव्यात, कारण कड फाटलेली किंवा किड्याने कुरतडलेली असली की शीर कुठे संपते याचा अंदाज चुकतो.

याच कारणासाठी फोनमधल्या ओळख सांगणाऱ्या ॲपवर इथे विसंबू नये, असे माझे मत आहे. हात लांबवून काढलेल्या फोटोत शिरेचे टोक दिसतच नाही. मग ॲपने दिलेले नाव बरोबर निघाले, तरी ते कशावरून बरोबर हे आपल्याला सांगता येत नाही. नर्सरीतल्या आणखी एका जातीत, आडिअँटम टेनेरममध्ये, पर्णिकेच्या देठाचा काळा रंग बुडाशी एका जाडसर सांध्यापाशी एकदम तुटतो आणि पान सुकताना पर्णिका त्या सांध्यातून गळून पडतात. तेवढे लक्षात ठेवले की पुरे.

नोंद, फोटो आणि कायदा

पाच फोटो काढावेत: कड्यासकट संपूर्ण जागा, पट्टी शेजारी धरून एक पूर्ण पान, देठाचे बूड, झडप असलेल्या पर्णिकेची पाठ आणि उजेडाकडे धरलेली वांझ पर्णिका. शेवटचे दोन भिंग फोनच्या कॅमेऱ्याला टेकवून काढता येतात. हात स्थिर राहावा म्हणून कोपर कातळाला टेकवावे. वहीत तारीख, गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, कड्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, पाणी टपकत होते की नुसता ओलावा होता आणि शेजारी काय वाढले होते, हे लिहावे. एप्रिल-मेमधली तारीख इथे निव्वळ औपचारिकता नसते. त्या महिन्यांत कातळावर हिरवा असलेला आडिअँटम आणि नोव्हेंबरपासून पिवळा पडत गेलेला आडिअँटम यांच्यातला फरक तारखेशिवाय कागदावर उतरत नाही.

नमुना म्हणून झाड तोडू नये. अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात वनस्पती काढण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंधने आहेत, आणि लेणी व जुन्या बारवा संरक्षित स्मारके असतील तर तिथली परवानगी निराळीच लागते. खासगी विहिरीवर मालकाच्या संमतीने एखादे पान घेतले तर ते वर्तमानपत्राच्या घडीत, वजनाखाली सपाट सुकवावे, आणि त्यातली एक-दोन पर्णिका मुद्दाम पालथी ठेवावी, म्हणजे झडप दिसत राहते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे १९५५ साली सुरू झालेले पश्चिम विभागीय केंद्र आहे, तर मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे. आपल्या पानाची तुलना सुकवलेल्या, नावे निश्चित केलेल्या नमुन्यांशी करायची असेल तर आधी पत्र किंवा ईमेल पाठवून अशा ठिकाणी विचारणा करावी. नाव निश्चित झाले म्हणून ते पान औषध म्हणून उकळून पिऊ नये. युनानीत परसियावशान या नावाने ही वनस्पती वापरतात, परंतु तो जाणकार वैद्याचा विषय आहे.

राहता राहिली कोवळी रोपे. बीजाणूपासून आधी सेंटिमीटरभरापेक्षाही लहान, हृदयाकृती हिरवा पापुद्रा तयार होतो, आणि त्यातून निघणारी पहिली काही पाने म्हणजे एका काळ्या देठावर एकुलती एक पंखाकृती पर्णिका. या वयात बारमाही हंसराज, फिलिपेन्स आणि रॅडिएनम यांच्यात डोळ्यांनी निवाडा करता येत नाही: झडप नसते, विभागणी झालेली नसते, टोक लांबलेले नसते. शेजारी मोठे झाड आहे म्हणून हे त्याचेच पिल्लू, असेही धरू नये, कारण बीजाणू वाऱ्याने कुठूनही येतात. अशा रोपापुढे वहीत ‘आडिअँटम, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे, कड्यावरची त्याची नेमकी जागा फोटोत टिपून ठेवावी, आणि पाऊस संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी, पानांना फांद्या फुटल्या आहेत का आणि कडेवर झडपा धरल्या आहेत का हे पाहायला पुन्हा जावे.